आजीच्या ओव्या, जात्याची घरघर आणि कंप्रेसर (मदत हवी)

कातरवेळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी आजी मावळातली, वय ८६. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात ते तिलाही माहीत नाही, कारण नुसतं बसवून विचारलं तर एक आठवत नाही, आणि खुंटा हातात आला की थांबत नाही. म्हणून दिवाळीत माळ्यावरचं जातं खाली उतरवलं. ती मूठमूठ तांदूळ घालत दळत बसली आणि मी छोटा रेकॉर्डर तिच्यासमोर हातभर अंतरावर उशीवर ठेवून दीड तास रेकॉर्ड केलं. आता त्याचे दहा-दहा मिनिटांचे भाग करायचे, मध्ये माझं निवेदन घालायचं, नातेवाइकांना ऐकवायचं. जमलं तर पॉडकास्ट म्हणूनही टाकायचं आहे.

अडचण अशी की आजी ओळ खणखणीत उचलते आणि शेवटाला आवाज पार तळाला नेते. शेवटचा शब्द ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम वाढवला की पुढची ओळ कानात बसते. एक व्हिडिओ बघून ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचा संगणक प्रोग्रॅम) कंप्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारी सोय, लावला. शेवटचे शब्द वर आले खरे, पण जातंही आलं! आजी गात असते तोवर जातं मागे असतं, ती श्वासाला थांबली रे थांबली की घरघर अंगावर येते, तिनं तोंड उघडलं की परत मागे पळते. धाप लागलेल्या माणसाशेजारी बसून ऐकल्यासारखं वाटतं.

सेटिंग: थ्रेशोल्ड उणे ३०, रेशो ८, अटॅक ०, रिलीज ५०, मेकअप गेन २०. व्हिडिओतल्या माणसाकडे 'नॉइज फ्लोअर' नावाची एक पट्टी होती, माझ्याकडे ती सापडतच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खुर्चीतला_श्रोता

यातलं ओ की ठो कळत नाही, पण ओव्या ऐकायच्या आहेत. झालं की इथे लिंक द्या.

झटपटराव

नॉइज गेट लावा. थ्रेशोल्डच्या खाली गेलेला आवाज बंद, आजी थांबली की जातं गप्प. पाच मिनिटांचं काम आहे.

टेपची_रिळं

झटपटराव, जरा दम धरा. ताई, आजींचा सर्वांत चढा सूर मीटरवर कुठवर जातो आणि त्या थांबल्यावर नुसतं जातं कुठे असतं, एवढं सांगता का? मूळ फाइलमधलं, कंप्रेसर लावायच्या आधीचं.

कातरवेळ

काका, चढा सूर उणे ६ च्या आसपास जातो. नुसतं जातं उणे ३२.

टेपची_रिळं

मग तुमचा कंप्रेसर बिघडलेला नाही, सांगितलं ते इमानेइतबारे करतोय. हिशेब मांडतो, तो एकदा समजला की व्हिडिओ बघायची गरज नाही. मीटरवर शून्य म्हणजे वरची हद्द, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज लहान.

थ्रेशोल्ड उणे ३० म्हणजे त्याच्या वर डोकं काढणाऱ्या प्रत्येक आवाजाला दाबायचं. आजींचा उणे ६ चा सूर थ्रेशोल्डच्या २४ डीबी (डेसिबल) वर आहे. रेशो ८ म्हणजे वरच्या दर ८ डीबीपैकी १ शिल्लक ठेवायचा. २४ चे राहिले ३. म्हणजे सूर उतरला उणे २७ वर, तब्बल २१ डीबी कापले. आता जातं. ते उणे ३२ वर, थ्रेशोल्डच्या खाली, त्याला कुणी हात लावला नाही. मग तुम्ही मेकअप गेन २० दिला, तो मात्र सगळ्यांना सारखा. आजी आल्या उणे ७ वर, जातं आलं उणे १२ वर. आधी दोघांत २६ डीबीचं अंतर होतं, राहिलं ५. तांदूळ दळताना आजींच्या कानाला जातं जेवढं मोठं वाटत नसेल तेवढं तुम्ही ते श्रोत्याच्या कानात आणून ठेवलंत.

कंप्रेसर हळू आवाज मोठा करतो असं सर्रास सांगतात, तिथेच घोळ होतो. तो मोठा आवाज लहान करतो, एवढंच त्याचं काम. मोठं करणारा मेकअप गेन, आणि त्याला आजी, जातं, पंखा, शेजारचा कोंबडा सगळे सारखेच.

आता धाप. रिलीज ५० मिलिसेकंद म्हणजे सूर थांबताच डोळ्याची पापणी लवायच्या आत दाब सुटतो. म्हणून प्रत्येक श्वासाला घरघर उसळते. रिलीज ३०० ते ४०० केलात तर ती सावकाश वर येईल, कान तिच्यावर जाणार नाही. फार लांबवलात, दोन-तीन सेकंद, तर एका चढ्या सुरानंतरची अख्खी ओळ दबलेली राहील. अटॅक म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ. तो शून्य ठेवला की क, ट, प यांची धार बोथट होते. १० ते १५ मिलिसेकंद द्या, व्यंजन निसटून जातं आणि मागचा स्वर तेवढा दाबला जातो.

सगळ्यात आधी मात्र हाताने काम करा. मी रेडिओत होतो, मध्यमलहरींच्या काळात. प्रक्षेपकाला १०० टक्क्यांपेक्षा जास्त मॉड्युलेशन गेलं की आवाज फाटायचा आणि शेजारच्या स्टेशनवर सांडायचा, म्हणून शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारं यंत्र, बसवलेला असायचाच. पण तो लिमिटर सारखा हलताना दिसला तर आमचे वरिष्ठ यंत्राला नाही, आम्हाला बोलायचे. फेडरवरचं (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवरचं) बोट हाच पहिला कंप्रेसर. गायक वरच्या सुराला जाणार हे त्याच्या मानेवरून कळायचं, बोट आधीच खाली यायचं. तुमच्याकडे तर रेकॉर्ड झालेलं आहे, पुढे काय येणार ते डोळ्यांना दिसतंय. ऑडॅसिटीतल्या एन्व्हलप टूलने ओळींची चढी सुरुवात ४ डीबी खाली ओढा, तळाचे शब्द थोडे वर घ्या. मग थ्रेशोल्ड उणे १८, रेशो २. उणे १० चा सूर ८ डीबी वर, त्याचे राहिले ४, म्हणजे उणे १४. मेकअप ८ दिलात तर आजी उणे ६ वर, जातं उणे २४ वर. अंतर १८. ऐकून बघा आणि सांगा.

पोटमाळा

नॉइज फ्लोअरचं कोडं सोडवतो. ऑडॅसिटीच्या ३.६ आवृत्तीत, म्हणजे २०२४ मध्ये, कंप्रेसर मुळापासून नवा लिहिला गेला. जुन्यात नॉइज फ्लोअर होता, त्या पातळीखालच्या आवाजाला तो शांतता समजायचा आणि तिथे गेन चढू द्यायचा नाही. नव्यात तो नाही. त्याऐवजी नी-विड्थ (दाब किती हळुवार सुरू व्हावा), लुकअहेड (पुढचा आवाज आधीच बघणं) आणि किती दाबलं जातंय ते दाखवणारा चालता आलेख आहे. दुसरी मेख म्हणजे जुन्यात अटॅक-रिलीज सेकंदांत असायचे (न बदलता ०.२ आणि १), नव्यात मिलिसेकंदांत आहेत. जुन्या व्हिडिओतले आकडे नव्यात टाकले की असंच होणार. व्हिडिओची तारीख बघत चला.

आणि नवा कंप्रेसर ट्रॅकवर चालू ठेवून ऐकता येतो, मूळ फाइल तशीच राहते. जुन्यासारखं 'लावा, ऐका, अनडू' करत बसू नका.

कातरवेळ

काका, तो २६ आणि ५ चा हिशेब वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. पोटमाळा, व्हिडिओ खरंच जुना निघाला.

झटपटरावांचा गेटही लावून बघितला. ऐकवत नाही हो. आजी श्वास घेते तेव्हा जातं नाही, अख्खं घरच गायब होतं. ओळ, मग पोकळी, मग ओळ. शिवाय तिच्या ओळीचं शेपूट गेटखाली कापलं जातं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच शब्द गेला.

झटपटराव

थ्रेशोल्ड जास्त ठेवलाय तुम्ही.

मांडवीकाठ

गेटचा दोष नाही, वापराचा आहे. गेटमध्ये 'किती कमी करायचं' अशी एक पट्टी असते. ती उणे १०० ला नेली की दार बंद. उणे ६ ला ठेवली की दार लोटलेलं. होल्ड (दार किती वेळ उघडं राहावं) ३०० मिलिसेकंद, डिके (ते किती हळू लोटावं) तेवढाच सावकाश. मग थांब्यांत जातं सहा डीबीने दबतं आणि कुणाला कळतही नाही. पण मी ताईंच्या जागी असतो तर तेही केलं नसतं. तानपुरा चालू असलेल्या गाण्याला कुणी गेट लावतो का? ओवीत जातं म्हणजे तेच आहे. लयही त्याचीच.

आमच्या गोव्यातला एक अनुभव सांगतो. वास्कोच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन असतं. तिथल्या एका भजनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं होतं, पेटी, पखवाज, टाळ, गायक सगळे एकाच स्टिरिओ फाइलवर. कंप्रेसर लावला तर पखवाजाची प्रत्येक थाप पडली की गायक बुडायचा. गाणारा बिचारा बुडतोय, वर येतोय, बुडतोय. डुबकी मारून भजन म्हणतोय असं वाटायचं. कारण साधं आहे. कंप्रेसर मीटर बघतो, आणि मीटरला सगळ्यात जास्त खालचा घुमारा ढकलतो. धुम्म झालं की तो सगळ्यांनाच दाबतो.

उपाय म्हणजे कंप्रेसरच्या कानात कापूस घालायचा. रीपर या दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या रीकॉम्प नावाच्या कंप्रेसरला ऐकण्याच्या वाटेवर हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारी चाळणी) आहे. तो १५० हर्ट्झला नेला की कंप्रेसरला धुम्म ऐकूच येत नाही, तो गायकाकडे बघून निर्णय घेतो. पखवाज मात्र आवाजात शाबूत राहतो, कारण फिल्टर फक्त त्याच्या कानाला आहे. ताई, तुमच्या जात्याचा खालचा गडगडाटही तसाच असणार. ऑडॅसिटीत ही सोय मला दिसली नाही, तिथे कंप्रेसरच्या आधी साधा हाय-पास ८० हर्ट्झला लावा. आजींच्या आवाजात तिथे काहीच नाही.

टेपची_रिळं

+१. कापसाची उपमा झकास.

सप्तकातला_नववा

एवढं सगळं करण्यापेक्षा चांगला प्लगइन (ऑडॅसिटीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) विकत घ्या. १९६० च्या दशकातल्या त्या प्रसिद्ध ऑप्टिकल कंप्रेसरची नक्कल मिळते, दोनच बटणं, आवाजाला आपोआप ऊब येते.

पोटमाळा

एलए-२ए म्हणताय ना. छानच आहे तो. आतला दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारी पेशी यामुळे त्याचा रिलीज आधी पटकन आणि मग रेंगाळत सुटतो, गळ्याला ते मानवतं. पण २१ डीबी दाबून २० वाढवलेत तर ऊबही येईल आणि जातंही येईल. हिशेब बदलत नाही.

आणि एक चाचणी करून बघा. 'ऊब आली' म्हणता तेव्हा लावलेला आणि न लावलेला आवाज समान पातळीवर आणून मग ताडून बघा. बहुतेक प्लगइन चालू केल्यावर आवाज एक-दोन डीबी मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. मी स्वतः यात वर्षभर फसलो. दर आठवड्याला नवा कंप्रेसर 'आधीच्यापेक्षा गोड' लागायचा. पातळी जुळवून ऐकलं तर तीन ओळखू आले नाहीत आणि एक चक्क वाईट होता. तोच विकत घेतलेला.

सप्तकातला_नववा

मर्मावर बोट ठेवलंत :)

चौकटीबाहेर

निवेदनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी ऑडिओबुकं वाचते. कातरवेळ, तुमच्या निवेदनावर कंप्रेसर लावल्यावर 'स' टोचतो का?

कातरवेळ

टोचतो! सांगायचंच राहिलं. शिट्टीसारखा.

चौकटीबाहेर

सगळ्यांचाच टोचतो. स्वराच्या मानाने 'स' मीटरवर लहान दिसतो, थ्रेशोल्डच्या खाली राहतो, दाबला जात नाही. मग मेकअप गेन त्याला उचलून वर आणतो. जात्याचंच कथानक, पात्र वेगळं.

यावर उपाय डी-एसर, म्हणजे 'स' जिथे टोचतो फक्त त्या कंपनांच्या पट्ट्यापुरता कंप्रेसर. ऑडॅसिटीत तो आयता नाही, मी टीडीआर नोव्हा हा फुकट मिळणारा डायनॅमिक इक्वलायझर वापरते. पण इंग्रजी आवाजासाठी सांगितलेले आकडे आपल्याला पुरत नाहीत, कारण आपले च-ज दोन-दोन आहेत. 'चाक' मधला च दाताला लागतो, त्यात स ची फुंकर असते. 'चार' मधला टाळूला लागतो, तो श च्या घरचा. आणि षष्ठीचा प्रत्यय म्हणजे तर कहर. 'आजीचा' म्हटलं की दाताचा, 'आजीची', 'आजीचे' म्हटलं की टाळूचा. एका वाक्यात दोन्ही येतात. पहिला वर ६ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास टोचतो, दुसरा त्याच्या बराच खाली, ३ ते ५ हजारांत. ७ हजारावर डी-एसर बसवून मी एक अख्खं प्रकरण पाठवलं होतं. 'चा' सगळे मवाळ आणि 'ची' सगळ्या फणकाऱ्यात. परत आलं. तेव्हापासून दोन पट्टे ठेवते आणि 'सोसाट्याचा वारा सुटला, तिची शाल उडाली' एवढं एक वाक्य बोलून दोन्ही जमवते. एकेका पट्ट्यात ३-४ डीबीच्या वर दाबू नका, नाहीतर बोबडं ऐकू येतं.

दुसरं, मराठीत क्रियापद शेवटी. वाचणारा दमून 'आहे', 'नव्हता' यांपाशी आवाज सोडून देतो, आणि 'होता' की 'नव्हता' हेच श्रोत्याला कळत नाही. यावरचा सगळ्यात स्वस्त कंप्रेसर म्हणजे वाक्यात एक श्वास जास्त घेणं.

टेपची_रिळं

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. आम्हाला हेच पहिल्या दिवशी शिकवायचे.

मुक्काम_नागपूर

अवांतर: हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव जाऊन गोळा केलेल्या लाखावर ओव्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत, कित्येकींचं ध्वनिमुद्रणही आहे. तुमच्या भागातल्याही असतील. आजींना ऐकवा, 'ही आमच्यात वेगळी म्हणतात' असं काहीतरी नक्की निघेल.

आकडेमोड

वाखूसा (वाचनखूण साठवली). पॉडकास्टवर टाकणार असाल तर शेवटचा टप्पा मी सांगतो. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं याचं माप), एक इकडे-तिकडे, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ च्या वर नको. स्पॉटिफाय उणे १४ ला आणून ऐकवतं. युरोपातल्या टीव्हीचं मानक मात्र उणे २३, आणि ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीपासून तोच आकडा भरलेला असतो. तो न बदलता पाठवणारे आणि मग 'माझाच भाग हळू का वाजतो' विचारणारे आठवड्याला एक तरी भेटतात.

तुमचं निवेदन मोनो असेल तर एक खड्डा आहे. मोनो फाइल एकाच वाहिनीची मोजली जाते पण वाजते दोन्ही कानांत, म्हणून उणे १९ ची मोनो आणि उणे १६ ची स्टिरिओ कानाला सारखीच लागते. त्या खिडकीत मोनोला दुहेरी मोनो धरण्याची खूण असते, ती ठेवा. नाहीतर ओव्या एका पातळीवर आणि तुम्ही तीन डीबीने वर.

लिमिटर सगळ्यात शेवटी, छत उणे १. तो सारखा लागत असेल तर चूक मागे कुठेतरी झाली आहे, तिकडे परत जा.

कातरवेळ

मंडळी, आठ दिवसांनी येतेय. कामच एवढं निघालं.

आधी हाय-पास ८० ला. मग एन्व्हलपने हाताने ओळी समतल केल्या. पहिल्या दहा मिनिटांना अडीच तास लागले, शेवटच्या दहांना पाऊण तास. काका म्हणतात तसं आता वेव्हफॉर्मच्या आकारावरूनच कळतं की इथे ती उचलणार. गंमत म्हणजे ती नेहमी जात्याच्या फेऱ्यातल्या एकाच जागी उचलते, खुंटा स्वतःकडे ओढताना. ढकलताना आवाज खाली. म्हणजे ओळीचं शेपूट दबतं ते दमल्यामुळे नाही, हात पुढे जातो आणि ती वाकते, तोंड रेकॉर्डरवरून खाली जातं म्हणून. हे कळल्यावर मी निम्म्या ठिकाणी शेपूट वर ओढणं सोडून दिलं. ते तसंच बरं वाटतं.

कंप्रेसर: थ्रेशोल्ड उणे १८, रेशो २, अटॅक १२, रिलीज ३५०, मेकअप ८. आलेखावर जास्तीत जास्त ४ डीबी दबताना दिसतं. मग लाउडनेस उणे १६, त्यासाठी आणखी ४ डीबी चढवावे लागले. लिमिटर जवळजवळ बसूनच होता. गेट काढून टाकला, मांडवीकाठ यांचं पटलं.

निवेदन चौकटीबाहेर ताईंच्या वाक्यावर जमवलं. नवऱ्याला वाटलं मी शालीबद्दल काहीतरी बोलतेय.

काल आजीला हेडफोन लावून दोन्ही ऐकवले. आधी चुकीचा, धाप लागलेला. तिनं लगेच हेडफोन कानावरून सरकवला. "हे जातं मधे मधे बोलतंय." मग नवा. डोळे मिटून ऐकत होती, उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "इथं एक गाळली मी. भावाची. परत मांड जातं."

तर परत मांडतेय रविवारी. आता प्रश्न एवढाच आहे की रेकॉर्डर कुठे ठेवू? ती पुढे वाकते तेव्हा तोंड जिथे येतं तिथे ठेवला तर खुंटा आपटेल.

मांडवीकाठ

तिच्या समोर नको, जात्याच्या पलीकडे डावीकडे, खुंट्याच्या फेऱ्याबाहेर. छातीच्या उंचीवर, स्टुलावर. आणि स्टुलाखाली घडी घातलेली गोधडी, नाहीतर जमिनीतून गडगडाट चढेल.

टेपची_रिळं

चढा सूर उणे १२ वर राहील एवढीच पातळी ठेवा, रेकॉर्डिंग २४ बिटचं (जास्त बारकाव्याचं) असेल तर काही बिघडत नाही. आणि पंखा बंद.

खुर्चीतला_श्रोता

लिंक?